आर्डिस क्वामेचं ‘तसं ठीकच’

नॉर्वेहून आलेल्यांनी वसवलेल्या नॉरहोममध्ये कोणी मरण पावलं की पहिला फोन जायचा पास्टरला आणि दुसरा आर्डिस क्वामेला. गेलेल्या जीवाच्या वरच्या प्रवासाची सोय पास्टर बघायचा, आणि खाली राहिलेल्यांच्या जेवणाची आर्डिस. दोघांत कोणाचं काम अधिक चोख, याबद्दल गावात मतभेद नव्हते. वरची सोय कशी झाली हे सांगायला कोणी परत आलेलं नव्हतं; पण चर्चच्या तळघरात हॅम भरलेले पाव कधी कमी पडले नाहीत, हे सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तळघरातलं ते स्वयंपाकघर म्हणजे आर्डिसचं संस्थान. तिथे पुरुषांना मज्जाव. तिचा नवरा व्हर्लिन, सारा जन्म धान्याच्या कोठारावर घालवलेला सहा फुटी गडी. पण खुर्च्या उचलून दारापर्यंत आणायचा आणि आत जणू सोवळं चालू असावं तसा उंबऱ्यावरूनच परत फिरायचा. आर्डिसचं नाक तर असं, की वर प्रार्थनेला बसल्या बसल्या खालच्या पिंपातली कॉफी झाली की नाही हे तिला कळायचं. पास्टरचं प्रवचन लांबलं आणि कॉफी उकळून कडू व्हायला लागली, की ती घसा खाकरायची. पास्टर शहाणा होता. तो तिथेच आमेन म्हणायचा.

मग साथ आली. गावात पुष्कळांना झाली तशी आर्डिसलाही झाली, आणि तीसुद्धा काही फार जोराची नाही. आठवडाभर ताप, खोकला, अंथरूण.

“कसं काय?” फोनवर सगळे विचारत.

“तसं ठीकच,” आर्डिस म्हणे.

‘तसं ठीकच’ हे नॉरहोमचं राष्ट्रगीत समजा. वादळात घराचं छप्पर उडून शेजारच्या तळ्यात पडलं, तरी मालक वर उघड्या आभाळाकडे बघत ‘तसं ठीकच’ म्हणतो, आणि शेजारी मान डोलावून ‘बरं झालं पाऊस नव्हता’ म्हणतो. यापुढे जाऊन जो स्वतःच्या दुःखाबद्दल बोलेल तो बाहेरचा, किंवा प्यालेला.

आठवड्याने बाकीचे उठले आणि कामाला लागले. आर्डिस उठली ती नुसतीच उठली. आंघोळ केली की तिचा दिवस संपायचा. शॉवरखाली प्लास्टिकचं स्टूल आलं, मग स्टुलावरून पलंगापर्यंत जायला व्हर्लिनचा हात आला. भजनाच्या पुस्तकातल्या ओळी डोळ्यांसमोर एकमेकींवरून घसरायला लागल्या. शब्द सापडेनासे झाले. एकदा जेवताना तिला काटा हवा होता. “ते दे रे… ते गवत उचलायचं…” ती म्हणाली. व्हर्लिन निमूट उठला, बूट चढवले आणि गॅरेजमधून गवत उचलायचा लांब दांड्याचा काटा घेऊन आला. दोघंही खूप हसले. हसून ती इतकी दमली की दुसऱ्या दिवशी उठलीच नाही.

आणि कॉफी! कॉफीला तिला टायर जळल्याचा वास यायचा. लुथरन पंथाच्या बाईला कॉफी वर्ज्य होणं म्हणजे मासोळीला पाणी वर्ज्य होणं. घरी आलेल्यांना ती श्वास रोखून कॉफी ओतायची.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, हृदयाला तारा लावल्या आणि आनंदाने सांगितलं, “सगळं नॉर्मल आहे!” ही बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही.

“किती छान दिसतेस गं!” बायका म्हणायच्या. या वाक्याचा अर्थ आर्डिसला कळत होता. तिने स्वतःच ते आयुष्यभर इतरांना ऐकवलं होतं.

सगळ्यांत बिनधास्त तिची नणंद. लोर्ना ही व्हर्लिनची थोरली बहीण, आणि लोक नॉर्वेचे असोत की आणखी कुठले, नणंद ती नणंदच. “मलाही येतो हो थकवा,” लोर्ना म्हणायची, “पण मी त्याला बसायला खुर्ची देत नाही.” आर्डिसनंतर तळघरातलं स्वयंपाकघर लोर्नाकडे गेलं होतं. पाव कोरडे पडत होते. लोक खात होते आणि आर्डिसला हे मुद्दाम फोन करून सांगत होते, तिला बरं वाटावं म्हणून.

त्या हिवाळ्यात मायर्ना गेली. मायर्ना म्हणजे आर्डिसची बालवर्गापासूनची मैत्रीण, चर्चच्या ओट्यापाशी चाळीस वर्षं तिच्या डाव्या हाताला उभी राहून लोणी लावणारी. अख्ख्या गावाच्या मेलेल्यांना जेवू घालणारी आर्डिस मायर्नाच्या अंत्यविधीच्या दिवशी चर्चपर्यंत गेली, आणि गाडीतून उतरू शकली नाही. पुढची सीट मागे करून ती पडून राहिली. काचेतून तिला बायका दिसत होत्या; झाकलेली भांडी घेऊन, बर्फातून सांभाळत पायऱ्या उतरणाऱ्या. मायर्नाच्या जेवणाला तिने एक पावसुद्धा कापला नाही. बाहेर लोर्ना कोणाला तरी म्हणाली, “हवेचा त्रास होतो म्हणे तिला.” त्या ‘म्हणे’ने काम केलं; आर्डिसचं दुखणं गावाने बहाण्यात जमा केलं.

व्हर्लिनचा तिच्यावर विश्वास होता, नाही असं नाही. पण व्हर्लिनचा विश्वास व्हर्लिनसारखाच, मुका. आर्डिसला एका बाहेरच्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं, की बाई, तुला झालंय ते खरं आहे. एवढंच. एकदाच.

म्हणून दवाखान्याच्या भिंतीवर तो कागद दिसला तेव्हा ती, जिला उभं राहवत नव्हतं, ती उभी राहून तो पूर्ण वाचत राहिली. साथीचा आजार होऊन गेल्यावरही ज्यांना बरं वाटत नाही, अशी माणसं दिवस कसे काढतात याचा विद्यापीठात अभ्यास चालला होता. त्यासाठी लोकांशी बोलायचं होतं.

फोनवर एक तरुण आवाज आला. पा कू शाँग. दूर पूर्वेकडून आलेल्या ह्मोंग लोकांतली मुलगी, सेंट पॉल शहरात वाढलेली.

“आमच्याकडे तुमच्या रक्ताचं काही काम नाही, आर्डिसबाई,” ती म्हणाली. “तुमचं म्हणणं हवंय. जसं असेल तसं.”

आर्डिसला खुर्ची शोधावी लागली. “रक्ताचं नको?”

“नको. बोलणं कॉम्प्युटरवरूनही होईल. तुम्ही पलंगावर पडून बोला हवं तर.”

“छे! पाहुण्याशी पलंगावरून बोलायचं? इकडेच ये, पोरी. कपभर कॉफी तरी होईल.”

“पण माझ्यासाठी काही करू नका हं. खरंच काही करू नका.”

“काही म्हणजे काही करणार नाही,” आर्डिस म्हणाली, आणि फोन ठेवायच्या आत तिच्या डोक्यात लिंबाच्या वड्यांना किती लोणी लागेल याचा हिशेब सुरू झाला.

त्यानंतर ती पडल्या पडल्या छताला मुलाखत द्यायला लागली. कॉफीचं सांगायचं. आंघोळीचं सांगायचं. आणि मग मायर्नाचं. ते व्हर्लिनलाही धड सांगितलेलं नव्हतं; त्याला वाटत होतं गाडीत तिला झोप लागली. छत चांगला श्रोता होता, पण ते लिहून घेत नव्हतं.

आठवडाभर तिने ताकद साठवली. आंघोळ नाही, फोन नाही, जिना नाही. आणि मुलाखतीला दोन दिवस उरले तेव्हा ती उठली आणि सगळी साठवण एकदम बाजारात ओतली. पडदे उतरले. लिंबाच्या वड्या झाल्या, बदामाचा केक झाला, लोणी लावलेले बटाट्याचे मांडे झाले. व्हर्लिनला शिडीवर चढवून फ्रिजचं डोकं पुसायला लावलं.

“फ्रिजच्या वर ती कशाला बघेल?” व्हर्लिन वरून म्हणाला.

“उंच असली तर?”

व्हर्लिनने थोडा वेळ पुसलं. मग तो, त्याच्या मानाने, भडाभडा बोलला. “आर्डिस. तिला आजारी माणूस बघायचाय ना?”

“हो.”

“मग?”

“मग काय? आजारी माणूस घाणेरड्या घरात बघू दे तिला?”

व्हर्लिनने कपाटाचंही डोकं पुसलं.

पा कू आली ती चणीने इतकी लहान निघाली, की फ्रिजचं डोकं तिला शिडीशिवाय दिसलं नसतं. दारात बूट काढून ती आत आली. समोर चकचकीत घर, बसवलेले केस, ओठांना रंग लावलेली बाई आणि टेबलावर लग्नघरासारखा फराळ. मुलगी गोंधळली. पण तिच्या घरीही पाहुणा न खाता उठला तर आई आठवडाभर धुसफुसत असे. तेव्हा तिने खाली मान घालून खायला सुरुवात केली. आर्डिसने तिला कॉफी ओतली, स्वतःलाही ओतली, आणि हसत हसत जळक्या टायरचे दोन घोट घेतले.

टेबलावर रेकॉर्डर ठेवून मुलगी म्हणाली, “सुरुवातीला एक सांगते. एखाद्या गोष्टीबद्दल बोलायचं नसेल तर नुसतं नाही म्हणा. मी पुन्हा विचारणार नाही.”

तिथेच घात झाला.

कारण नॉरहोममध्ये पहिलं ‘नाही’ हे ‘नाही’ नसतं, ते नुसतं दार ढकलून बघणं असतं. कॉफी घेणार? नको नको, कशाला त्रास. थोडीशी? नको गं, आत्ताच झाली. अर्धा कप? बरं, आता तू ओततेच आहेस तर. मग ते माणूस पोटभर कॉफी पिऊन जातं. तीनदा विचारणं हे विचारणाऱ्याचं कर्तव्य आणि दोनदा नाही म्हणणं हे दुसऱ्याचं. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा एकतर अधाशी असतो किंवा कॅलिफोर्नियाचा. आणि इकडे पा कूला विद्यापीठाने बजावून पाठवलं होतं, की आजारी माणसाला खोदून विचारायचं नाही. एकदा नाही म्हणाला, विषय संपला. दोन्हीकडचा शिष्टाचार इतका उत्तम होता, की त्यात आर्डिस बरोबर मधोमध अडकली.

“आजारानंतर तुमचा दिवस कसा जातो?” मुलीने विचारलं.

“तसं ठीकच.”

“काही दिवस वाईट जातात?”

“ते कोणाचे जात नाहीत! इतरांना याहून कितीतरी वाईट आहे.”

“अशा एखाद्या वाईट दिवसाबद्दल मला सांगाल?”

आलंच! मायर्ना, गाडी, बर्फ, झाकलेली भांडी, सगळं आर्डिसच्या ओठापर्यंत आलं.

“छे गं,” ती म्हणाली, “त्यात काय सांगायचं!” रुमालाने तिने ओठांचे कोपरे टिपले आणि दुसऱ्यांदा विचारलं जाण्याची वाट बघत बसली.

मुलगीही थांबली. तिला शिकवलं होतं, की समोरचा गप्प झाला तर आपणही गप्प राहावं. शांतता असह्य झाली की माणूस आपोआप बोलतो. सेंट पॉलमध्ये बोलत असेल. नॉरहोममध्ये शांतता असह्य वगैरे होत नाही. व्हर्लिनने आर्डिसला मागणी घातली तो अख्खा हिवाळा दोघं शांततेत बसून होते आणि दोघांनाही ते फार बोलके दिवस वाटले होते. फ्रिज घुरघुरला, थांबला, पुन्हा घुरघुरला. आर्डिस आशेने बघत राहिली. मुलगी प्रेमाने बघत राहिली. दारात उभ्या व्हर्लिनला दोन्ही बाजू दिसत होत्या. त्याच्या कपाळावर घाम आला.

“अं,” तो म्हणाला.

दोघींनी वळून पाहिलं.

“काय, व्हर्लिन?” आर्डिस म्हणाली. त्या क्षणी ती त्याला आपलं उरलेलं सगळं आयुष्य देऊन टाकायला तयार होती.

व्हर्लिनचं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. “बर्फ पडेलसं दिसतंय,” तो म्हणाला, आणि हरल्यासारखा आत निघून गेला.

“बरं, तो प्रश्न राहू दे,” पा कू हळुवारपणे म्हणाली. “दमला असाल तर थांबू या?”

“नाही नाही, मी मजेत आहे.”

मुलाखत मजेत पुढे चालली. स्वयंपाकाची आवड अजून आहे का? हो तर. शेजारपाजार कसा आहे? फार चांगला. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. फरक इतकाच की आर्डिस भांडं लपवत नव्हती, कोणी तिसऱ्यांदा ‘आण बघू इकडे’ म्हणेल म्हणून पदराखाली धरून बसली होती. शेवटी मुलगी म्हणाली, की अहवालात खरं नाव येणार नाही, एखादं खोटं नाव सुचवा. थकलेल्या डोक्यात जे पहिलं आलं ते आर्डिसने सांगितलं, “लोर्ना.”

अजून दार शिल्लक होतं. नॉरहोममध्ये माणसं खरं काय ते निरोप घेताना बोलतात. गाठ निघाली, मुलाने बायको सोडली, शेत विकायचं ठरलं, हे सगळं कोट घातल्यावर, एक हात दाराच्या मुठीवर ठेवून. म्हणून रेकॉर्डर बंद झाल्यावर आर्डिसला धीर आला. आता बोलायचं. पा कूनेही बूट चढवायला जरा जास्तच वेळ लावला. खऱ्या गोष्टी रेकॉर्डर बंद झाल्यावर निघतात, हे तिलाही ठाऊक होतं.

“आणखी काही सांगायचं राहिलं का?” बुटांच्या नाड्यांकडे बघत ती म्हणाली.

आर्डिसने तोंड उघडलं, आणि दारापाशीची जमीन डावीकडून वर उठली. तिने कोट टांगायची खुंटी पकडली. आता ही पडणार. पाहुणीच्या अंगावर पडणार. पाहुणीला आपल्याला उचलावं लागणार!

“नीघ, पोरी, नीघ तू,” ती घाईघाईने म्हणाली. “रस्ता निसरडा व्हायच्या आत.” आणि तिने जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं, पाहुण्याच्या पाठीवर दार लावलं. बाहेर मुलीला वाटलं, आपण फार वेळ बसलो. आत आर्डिस दाराला पाठ घासत खाली गेली आणि बुटांच्या पायपुसण्यावर आडवी झाली.

तिथून व्हर्लिनने तिला उचलून पलंगावर नेलं. पडदे ओढले. पुढचे कित्येक आठवडे चमचाभर सूप, अंधार आणि कुजबुज. त्या आठवड्यांची मुलाखत घ्यायला कोणी आलं नाही. खरं तर आजार तोच होता.

उन्हाळ्याच्या शेवटी विद्यापीठाकडून अहवालाचा सारांश आला. आर्डिसने तो दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा ओळी घसरल्या. ‘लोर्ना’ नावाच्या एका साठीच्या बाईबद्दल त्यात परिच्छेद होता. तिने आजाराशी समजुतीने जुळवून घेतलं आहे. स्वयंपाकात ती रमते. शेजारपाजाराचा तिला आधार वाटतो. आपल्याहून वाईट स्थितीतल्यांची तिला जाण आहे. तिचा चिवटपणा उल्लेखनीय आहे.

“खोटं लिहिलंय?” व्हर्लिनने विचारलं.

“नाही ना,” आर्डिस म्हणाली. “एकही शब्द खोटा नाही. सगळं मीच बोललेय.”

“फोन करू या तिला?”

“करून काय सांगू? की बाई, मी जे बोलले त्यावर तू विश्वास ठेवलास?”

विद्यापीठाच्या शिक्क्याचा कागद फेकायचा कसा, म्हणून व्हर्लिनने तो चुंबकाने फ्रिजवर लावला. तिथे तो दोनच दिवसांत लोर्नाला दिसला.

“अगं, माझं नाव दिलंस!” लोर्ना चष्मा काढून डोळे पुसत म्हणाली. मग तिने चष्मा परत चढवला. “चिवटपणा. बघ! विद्यापीठ सांगतंय. मी तर कधीची सांगतेय. मग आता यंदाचं लुटफिस्कचं जेवण तूच बघ.”

दर शरदात चर्चच्या तळघरात लुटफिस्कचं जेवण होतं. सुका कॉड क्षाराच्या पाण्यात भिजवून, थलथलीत करून, उकडून, वर लोणी ओतून जिल्हाभरच्या माणसांना वाढायचा.

“नाही, लोर्ना. मला नाही जमायचं,” आर्डिस म्हणाली.

“नुसती उभी राहा गं.”

“नाही गं. खरंच नाही.”

“बटाटे मी बघते, तू मासा तेवढा बघ.”

“नाही.”

“ठरलं तर,” लोर्नाने कोट चढवला.

“मी नाही म्हणाले, लोर्ना.”

“ऐकलं की! बाई बाई, किती तो संकोच!” लोर्नाने तिच्या गालावर ओठ टेकले आणि ती गेली.

चौथ्या ‘नाही’ला नॉरहोममध्ये अर्थच नव्हता. ते कोणी कधी वापरलंच नव्हतं. संध्याकाळी व्हर्लिनने स्वतः बहिणीला फोन लावला. हे असं फोन लावणं त्याच्या आयुष्यात बहुधा पहिलंच. “आर्डिसबद्दल…” त्याने सुरुवात केली. “खूश आहे ना? माहितीये मला!” लोर्ना म्हणाली. “अं,” व्हर्लिन म्हणाला. झालं, घरच्यांचा दुजोराही मिळाला.

जेवणाच्या दिवशी आर्डिस तळघरात उभी राहिली. नाही राहिली तर जिल्हा उपाशी, आणि तिच्या हातून अजून जिल्हा उपाशी राहिलेला नव्हता. मोठ्या पातेल्यांतून वाफ येत होती. आजाराने तिच्या नाकातले सगळे वास बिघडवले होते. एका लुटफिस्कचा तेवढा होता तसाच होता, कारण त्याहून बिघडायला त्यात जागाच नव्हती. वाढायच्या खिडकीपलीकडे रांग लागली. ताटं हलत होती, लोक हसत होते. “आर्डिस परत आली!” कोणीतरी ओरडलं आणि रांगेने टाळ्या वाजवल्या.

टाळ्या चालू असतानाच तिच्या हातातला झारा निसटला. मग गुडघे. ती ओट्याला धरून हळूहळू बसली, आणि बसूनही खाली जाणं थांबेना म्हणून शेगडी आणि मोरीच्या मधल्या फरशीवर आडवी झाली. ओठ पांढरे पडले. तिला ‘पाणी’ म्हणायचं होतं, पण तो शब्दच नव्हता. पलीकडून खिडकीत एकावर एक तोंडं जमली. सबंध नॉरहोम वाकून बघत होतं. त्यांतल्या कोणालाही ती छान दिसत नव्हती.

व्हर्लिन आला. बुटांसकट, उंबरा ओलांडून, बायकांच्या मधून. तो तिच्याजवळ फरशीवर बसला. त्याला हाकलायचं कोणाला सुचलं नाही.

लोर्ना दुसऱ्या बाजूने गुडघ्यांवर टेकली. “आर्डिस,” तिचा आवाज फाटला, “अगं, तू खरंच आजारी आहेस.”

“तसं ठीक…” आर्डिसचे ओठ सवयीने हलले.

“गप्प बस!” लोर्ना रडत ओरडली. “काही ठीक नाहीये!”

इतक्या वर्षांत आर्डिसच्या ‘ठीकच’वर पहिल्यांदा कोणी विश्वास ठेवला नाही. फरशीवर पडल्या पडल्या तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानांत गेलं. तिला हवं होतं ते मिळालं होतं.

पण नॉरहोमने एकदा विश्वास ठेवला की ते स्वस्थ बसत नाही, ते ओव्हन पेटवतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून क्वामेंच्या दारात हॉटडिश यायला लागल्या. खिमा, शेवया, डब्यातलं सूप, वर तळलेले बटाटे. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. फ्रिज भरला, गॅरेज भरलं. प्रत्येक भांड्याबरोबर एक बाई. “मी बसत नाही हं,” असं म्हणून ती पलंगाशी बसायची, आर्डिसचा हात धरायची, आणि इतके दिवस आपण विश्वास ठेवला नाही म्हणून मनापासून रडायची. मग आर्डिसला तिची समजूत काढावी लागायची. एका समजुतीला तिचे दोन दिवस जायचे, आणि दोन दिवसांत आणखी चौघी येऊन जायच्या. व्हर्लिनने दारावर पाटी लावली, ‘कृपया विश्रांती घेऊ द्या’. पाटी सगळ्यांनी वाचली, आणि ती इतरांसाठी आहे हे प्रत्येकीने ओळखलं. लोर्ना तर रोज यायची. उशीर झाला तर दोनदा यायची.

“भीक नको पण कुत्रं आवर,” असं आर्डिसने म्हटलं असतं, पण म्हणायला आवाज उरला नव्हता. आता ती बाथरूमपर्यंतही जाऊ शकत नव्हती. प्लास्टिकचं स्टूल कोरडं पडलं होतं.

वर भांड्यांचा प्रश्न होताच. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करणं नॉरहोममध्ये कोणी ऐकलेलं नाही. व्हर्लिनने सगळी घासली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांची चळत खिडकीच्या वर गेली, आणि दुपारचा उजेड आत येईना. रिकामं भांडं परत आलं तर लोक म्हणतील आर्डिस फारच आजारी आहे, आणि आणखी भांडी आणतील. त्याने एप्रन बांधला. आयुष्यात त्याने पाणीसुद्धा आर्डिसला विचारून उकळलं होतं.

तो झोपायच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आत अंधार होता.

“आर्डिस,” तो हळूच म्हणाला, “साध्या केकला साखर किती लागते?”

तिला ते स्वतःच्या नावासारखं पाठ होतं. तिला माप दिसत होतं, माप भरणारा आपला हात दिसत होता. पण हाताकडून तोंडापर्यंत यायला मधे केवढा तरी जिना होता. तिने त्याच्याकडे बघितलं. तो वाट बघत उभा राहिला. त्याच्या एप्रनच्या गाठी समोरच्या बाजूला आल्या होत्या.

“असू दे,” तो म्हणाला. “मी अंदाजाने घालतो.”

तो वळला तेवढ्यात दाराची घंटा वाजली. तो जागच्या जागी थांबला. उघडायला गेला नाही. घंटा पुन्हा वाजली. मग दार बाहेरूनच उघडल्याचा आवाज आला, ओट्यावर काहीतरी जड आणि गरम टेकलं, “मी बसत नाही हं,” असं कोणीतरी म्हणालं, आणि खुर्ची ओढली गेली.